नोंदवहीकडून डेटाबेसकडे

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आता शाळेच्या निबंधातही जुने झाले आहे. तरीही "आपल्या मंडळाचे सभासद नेमके किती?" असा साधा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर देणे सोपे नसते, हा अनुभव आम्ही घेतला आहे. मंडळाच्या वह्या एकत्र करून संगणकावर चढविण्याचे काम आम्हा काही कार्यकर्त्यांकडे आले, तेव्हा वर्गणीची वही, बुद्धजयंतीच्या देणगीची पावतीपुस्तके, विद्यार्थी मदतीची फाइल आणि महिला मंडळाची यादी एवढी साधने हाती आली. चारही ठिकाणी निरनिराळा आकडा निघाला.

आकडा चुकला तर काय बिघडले, असे कोणास वाटेल. एका दिवंगत सभासदाच्या पत्नी साहाय्यनिधीसाठी आल्या, तेव्हा वर्गणीच्या वहीत त्यांच्या यजमानांचे नाव सापडेना. शोधाअंती ते सापडले, पण घरी हाक मारीत त्या नावाने. पावतीपुस्तकात मात्र कागदोपत्री नाव होते. वहीप्रमाणे ते दोन वर्षांचे थकबाकीदार ठरत होते आणि पावत्यांप्रमाणे त्यांची वर्गणी पूर्ण भरलेली होती. हा घोळ निस्तरेपर्यंत दोन महिने गेले. मदत जलदान विधी व पुण्यानुमोदनाच्या खर्चासाठी होती. ती हाती पडली तेव्हा त्या कुटुंबाने उसनवारी करून कार्य पार पाडले होते. यात कोणाही एका कार्यकर्त्याचा दोष नव्हता. दोष वह्यांच्या मांडणीचा होता. म्हणून ही मांडणी कशी असावी, तिलाच संगणकाच्या भाषेत 'डेटाबेस डिझाइन' का म्हणतात, आणि संस्थेला तिचा उपयोग काय, हे सभासद बंधुभगिनींना व विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

डेटाबेस म्हणजे काय?

डेटाबेस म्हणजे माहितीचा असा सुव्यवस्थित साठा, की ज्यात प्रत्येक बाब ठरलेल्या जागी असते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून खात्रीने काढता येते. संगणक हे त्याचे साधन आहे. कल्पना मात्र संगणकाहून फार जुनी आहे. भगवान बुद्धांचा उपदेश जपणाऱ्या भिक्खूंनी विनय, सुत्त व अभिधम्म अशी तीन पिटके केली. पिटक म्हणजे टोपली किंवा पेटी. अंगुत्तर निकायात तर एका बाबीची सुत्ते, दोन बाबींची सुत्ते अशा क्रमाने अकरापर्यंत मांडणी आहे. लेखनापूर्वीच्या काळात एवढे वाङ्मय पाठांतराने टिकले, त्यात या मांडणीचा वाटा मोठा आहे.

आपल्या गावातले उदाहरण घ्यावयाचे तर तलाठ्याच्या दप्तराचे घ्यावे. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे हे असते, नमुना बारामध्ये पीक कोणते हे असते. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून त्यास सातबारा म्हणतात. नमुना आठ-अमध्ये एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी असा कोणताही बदल तेथे क्रमांकाने नोंदला जातो. या नमुन्यांना जोडणारे दुवे म्हणजे गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा दिसतो तो फेरफाराचा. त्या आकड्यावरून नोंदवहीत गेले की ते नाव कधी व कशामुळे लागले ते कळते. निरनिराळे तक्ते आणि त्यांना जोडणारे क्रमांक, हेच आजच्या डेटाबेसचे रूप आहे.

एक बाब, एक जागा

या कल्पनेला गणिताचा पाया दिला तो एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी १९७० मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यापूर्वी संगणकात कोणती माहिती कोठून कोठे जोडली आहे, हा रस्ता प्रोग्राम लिहिणाऱ्याला पाठ असावा लागे. रस्ता बदलला की प्रोग्राम बदलावा लागे. कॉड यांनी सुचविले की सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्ते क्रमांकांनी जोडावेत, आणि ती कोठे साठविली आहे ही चिंता यंत्रावर सोपवावी. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी तक्ते करण्यापूर्वी कागदावर 'वस्तू आणि त्यांचे संबंध' यांचे चित्र काढण्याची पद्धत दिली. आजही महाविद्यालयांत हा विषय शिकविताना या गोष्टी शिकवितात.

आता आपली जुनी वही पाहू. एका ओळीत सभासदाचे नाव, पत्ता, मुलांची नावे, त्यांची इयत्ता आणि बारा महिन्यांची वर्गणी. दिसायला ही वही सोयीची वाटते. पण तिच्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष, एकच बाब अनेक ठिकाणी लिहावी लागते. दरवर्षी नवी वही, दरवर्षी तोच पत्ता. सभासदाने घर बदलले की एका वहीत नवा पत्ता व दुसरीत जुना, आणि खरा कोणता हे कोणीच सांगू शकत नाही.

दुसरा दोष, एका गोष्टीवाचून दुसरी लिहिता येत नाही. एखादी भगिनी सभासद नाही, पण वर्षावासात दररोज ग्रंथवाचनाला येते व दानही देते. तिचे नाव लिहिण्यास वहीत ओळच नाही.

तिसरा दोष, एक गोष्ट खोडली की दुसरीही जाते. सभासदाचे निधन झाले म्हणून ओळ खोडली, तर त्याच्या मुलांची नावेही खोडली जातात. ज्या वेळी त्या मुलांना मंडळाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी ती आपल्या यादीतून नाहीशी होतात.

यावर उपाय एकच. प्रत्येक प्रकारच्या बाबीसाठी स्वतंत्र तक्ता करावा आणि प्रत्येक बाब एकाच जागी एकदाच लिहावी. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. आम्ही पुढील तक्ते केले: व्यक्ती, कुटुंब, पत्ता, सभासदत्व, जमा आणि मदत. मुले 'व्यक्ती' तक्त्यात स्वतःच्या क्रमांकाने आली; वडिलांची ओळ कोणत्याही कारणाने बंद झाली तरी त्यांची राहते. दान देणारी भगिनी सभासदत्वावाचून 'व्यक्ती' आणि 'जमा' या दोन तक्त्यांत येऊ शकते. एक कार्यकर्ता तीन समित्यांवर असतो आणि एका समितीवर सात कार्यकर्ते असतात. अशा वेळी दोन तक्त्यांच्या मध्ये तिसरा जोडतक्ता करावा व त्याच्या प्रत्येक ओळीत एक व्यक्ती क्रमांक आणि एक समिती क्रमांक लिहावा, म्हणजे कितीही जोड्या मांडता येतात.

नाव ही ओळख नव्हे

तक्ते जोडण्यास खूण लागते. नाव ही खूण होऊ शकत नाही. एकाच नावाच्या दोन व्यक्ती असतात, एकाच व्यक्तीची दोन नावे असतात, आणि विवाहानंतर अनेक भगिनींचे नाव बदलते. म्हणून प्रत्येक व्यक्तीस एक क्रमांक द्यावा आणि तो जन्मभर बदलू नये.

या विचाराचे एक मोठे उदाहरण मराठी माणसाच्या हातून घडले आहे. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या व निरनिराळी स्पेलिंगे, यांमुळे पत्रे भरकटत. सहा अंकांनी तो प्रश्न सोडविला. आपल्या धायरीचा पिनकोड ४११०४१. त्यातील पहिल्या ४ वरून पश्चिमेकडील विभाग कळतो, ४११ वरून पुणे, आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय.

मात्र येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. पिनकोडच्या अंकांत ठिकाण दडलेले आहे; ते चालते, कारण ठिकाण हलत नाही. माणसे हलतात. म्हणून सभासद क्रमांकात वस्तीचे किंवा शाखेचे अंक घालू नयेत. बेनकर वस्तीतील सभासद रायकर मळ्यात राहावयास गेला की तो क्रमांक खोटा ठरतो. १, २, ३ असा निरर्थक क्रमांकच सर्वांत टिकाऊ असतो.

माणूस हलला नाही तरी पत्ता बदलू शकतो, हे तर धायरीकरांनी स्वतःच पाहिले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली, त्यांत धायरीचा तोवर ग्रामपंचायतीकडे असलेला भाग होता. घर तेच, माणसे तीच, पण कार्यालय बदलले आणि कागदावरचा पत्ता बदलला. आधी जन्मलेल्या मुलाची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरातील आणि धाकट्याची महापालिकेकडील, अशी घरे आपल्याकडे आहेत. म्हणून पत्त्याच्या तक्त्यात 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन रकाने हवेत. जुना पत्ता पुसावयाचा नाही, त्याच्यापुढे अखेरची तारीख टाकावयाची. सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अहवाल द्यावा लागतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. आज काय आहे, याबरोबरच पूर्वी काय होते व केव्हा बदलले, हेही माहितीचाच भाग असते.

धर्माचा रकाना, जातीचा रकाना

एका रकान्यात दोन गोष्टी कोंबल्या की काय होते, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणी क्वचितच सोसले असेल. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. २०११ च्या जनगणनेत ती ६५,३१,२०० आहे. एवढे मोठे परिवर्तन जगाला आकड्यांनी दिसले, ते लोकांनी धर्माच्या रकान्यात धीराने 'बौद्ध' लिहिले म्हणूनच.

पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती. बौद्ध झालेल्या माणसाला केंद्राच्या सवलती मिळत नसत. ही अट बौद्धांपुरती दूर झाली ती १९९० मध्ये. म्हणजे धम्मदीक्षेनंतर जवळजवळ चौतीस वर्षे केंद्राच्या दप्तरात 'धर्माने बौद्ध' आणि 'अनुसूचित जातीतील' ही दोन विधाने एकमेकांना छेद देत होती. वास्तविक दोन्ही एकाच वेळी खरी होती. घरावर बहिष्कार टाकणाऱ्याने धर्म बदलला म्हणून बहिष्कार उठविला नव्हता.

या काळाची खूण अजून अनेक घरांतील कागदांवर आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मूळ जात, वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यातच 'बौद्ध', आणि मुलाच्या दाखल्यावर आणखी तिसरेच. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागितला जातो. तेव्हा त्या तारखेस काय होते आणि आज काय आहे, अशा दोन्ही नोंदी लागतात. धर्म, मूळ जात आणि त्या त्या नोंदीची तारीख या तीन वेगळ्या बाबी आहेत. त्यांना तीन वेगळे रकाने असते, तर प्रवेशाच्या ऐन वेळी विद्यार्थ्यांना कार्यालयांचे खेटे घालावे लागले नसते. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून पुढील जनगणना होणार असून तीत जातीचीही गणना होणार आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा कोणत्या रकान्यात काय लिहिले जाते, हे प्रत्येक घराने स्वतः पाहून घ्यावे.

कोणता रकाना ठेवू नये?

मग मंडळाच्या नोंदीतही जातीचा रकाना ठेवावा काय? आमच्या मते ठेवू नये. शासनाने विचारणे वेगळे, कारण त्यावर हक्क अवलंबून आहेत. जात सोडण्यासाठी आपण धम्म स्वीकारला. धम्मबांधवाची नोंद करताना मंडळाला जातीचे काही काम नाही. विद्यार्थ्याला दाखल्यासाठी साहाय्य करताना त्याचे कागद पाहावेत, परत द्यावेत, आणि नोंदीत फक्त 'दाखला मिळाला किंवा नाही' एवढेच लिहावे.

अनावश्यक रकाना किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. नेदरलँड्समध्ये नागरिकांच्या नोंदीची कार्डे अतिशय व्यवस्थित ठेवलेली असत, आणि त्यांवर धर्माचीही नोंद असे. जर्मन नाझींनी देश ताब्यात घेतल्यावर ज्यूंचा माग काढण्यास याच व्यवस्थित नोंदी उपयोगी पडल्या. तेथील एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲमस्टरडॅममधील काही देशभक्तांनी नोंदणी कार्यालयावर हल्ला करून कार्डांना आग लावली. त्यांच्यापैकी बारा जणांना पुढे मृत्युदंड झाला. चांगल्या हेतूने भरलेला रकाना वाईट हाती पडू शकतो, म्हणून भरण्यापूर्वीच विचार करावयाचा. आपल्या संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. हेतू सांगून, संमती घेऊन आणि गरजेपुरतीच माहिती घ्यावी, हे त्याचे सूत्र आहे. सभासदांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह मोबाइलवरील गटात टाकून देण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

काही व्यवहारी नियम

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. 'वर्गणी भरली नाही' आणि 'वर्गणी भरली की नाही ते ठाऊक नाही' ही निरनिराळी विधाने आहेत. आरंभी सांगितलेल्या सभासदाला थकबाकीदार ठरविले ते वहीतील रिकाम्या चौकोनांनी.

पावती आणि जमेची नोंद एकत्रच झाली पाहिजे. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. डेटाबेसच्या भाषेत यास ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. पावतीपुस्तकातील कार्बन कागद हेच काम आजवर करीत आला आहे.

नोंदीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. २५ जुलै २०२४ रोजी आपल्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत नदीचे पाणी घरांत शिरले. कपाटातील वही आणि त्याच कपाटातील संगणकाची प्रत, दोन्ही एकाच पुरात भिजतात.

नाव एकाच लिपीत व एकाच पद्धतीने लिहावे आणि वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाला त्याची नोंद दाखवून तपासून घ्यावी. आपली नोंद चूक की बरोबर, हे त्या माणसाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

उपयोग कोणाला?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एसक्यूएल भाषेतील प्रश्नाचे मुख्य भाग तीन असतात. सिलेक्ट म्हणजे कोणते रकाने दाखवावयाचे, फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यांतून आणि व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. या तीन शब्दांत आम्ही एक प्रश्न विचारून पाहिला: गेल्या वर्षी मदत घेतलेले, दहावी झालेले, पण या वर्षी अर्ज न केलेले विद्यार्थी कोण? वहीत याचे उत्तर मिळत नाही, कारण वहीत आलेल्यांची नावे असतात. दोन तक्ते समोरासमोर ठेवले की न आलेल्यांची नावे निघतात. आमच्या यादीत अशी काही नावे निघाली. चौकशीअंती कळले की एकाने शिक्षण सोडून कामाला सुरुवात केली होती आणि एका मुलीच्या घरी अर्जाची तारीखच कळलेली नव्हती. त्या मुलीचा प्रवेश झाला. मुलाकडे आम्ही अजून जातो आहोत.

कल्याणकारी संस्थेचे काम आलेल्याला देणे एवढेच नसते. जो संकोचाने, अज्ञानाने किंवा दुःखामुळे दाराशी आला नाही, त्याच्या दाराशी जाणे हेही असते. त्यासाठी तो कोण, हे आधी कळले पाहिजे. चांगली मांडलेली नोंद ते सांगते.

शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी की त्यांनी हा विषय केवळ परीक्षेपुरता न ठेवता सुट्टीत मंडळाच्या कार्यालयात यावे. प्रथम संगणक उघडू नये. कागद घ्यावा, मंडळात कोणकोणत्या वस्तू व व्यक्ती आहेत आणि त्यांचे परस्पर संबंध काय, याचे चित्र काढावे. कार्यकर्त्यांना विचारावे, वडीलधाऱ्यांना विचारावे. मग तक्ते करावेत. आणि सभासद बंधुभगिनींना विनंती की आपली नोंद पाहून जावी. नाव चुकले असेल तर दुरुस्त करून घ्यावे, पत्ता बदलला असेल तर तारखेसह सांगावा, घरात नवे बाळ आले असेल तर त्यालाही त्याचा क्रमांक घेऊ द्यावा.

जयभीम!